आतलं कुलूप

कुलूप लावलेल्या खोलीतल्या पेटीलाही पुन्हा कुलूप लावणारी माणसं तुम्ही पाहिलीत का? मी असंच एक आतलं कुलूप. लोखंडाचं नव्हे, अक्षरांचं. संगणकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या अगदी मुळाशी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, डिस्कवर माहिती लिहिणारा एक भाग असतो. तिथं एका वेळी एकच काम आत जावं, बाकीच्यांनी थांबावं, एवढ्यासाठी माझ्या चार ओळी.

माझा जन्म सहा वर्षांपूर्वी बारामतीत, भिगवण रस्त्यावरच्या एका छोट्या कंपनीत झाला. अंथुर्ण्याची ज्योत्स्ना नुकतीच कामाला लागली होती. तिच्या खुर्चीमागे तिचे वरिष्ठ दिग्विजय सर उभे होते.

"बाहेर मोठं कुलूप आहे की, सर. याची काय गरज?"

"सांगतो तेवढं टाईप कर. तुझ्या नावावर जाऊ दे, शिकशील."

तिनं मला लिहिलं. कुठली ओळ कुणी लिहिली, याची कोडची नोंद असते; तिच्यात माझ्यापुढे तिचं नाव लागलं. पहिलंच काम म्हणून तिनं घरी फोन करून सांगितलंसुद्धा.

माझ्यापर्यंत येणारं प्रत्येक काम बाहेरच्या कुलपातून एकेकटंच येई. त्यामुळे मला अडवायला कधी कुणी मिळालंच नाही. तरी वाटायचं, आपण आहोत म्हणून सगळं नीट चाललंय.

यंदा सरांनी घाईत कोडमध्ये माझ्यापर्यंत येणारी एक नवी वाट लिहिली. त्या वाटेनं येणारं काम आधी मला धरायचं, मग बाहेरचं कुलूप मागायचं. एके दिवशी, आमचाच कोड चालणाऱ्या पणदऱ्याच्या दूध शीतकरण केंद्रातल्या संगणकावर एका कामानं मला धरलं, दुसऱ्यानं बाहेरचं. पहिलं बाहेरच्या कुलपाची वाट बघत राहिलं, दुसरं माझी. दोघंही हलेनात. सगळा संगणक थिजला.

केंद्रातले हिंदुराव फोनवर ओरडत होते, "सायेब, ह्यो डबा मेला का जिता हाय? टाकी गार हाय का तापली, कायबी कळंना. दूध नासलं तर तुमी येनार का प्यायला?"

दूध नासलंच.

ज्योत्स्नानं दोन दिवसांत चूक शोधली. "आतलं कुलूप काढलं की झालं. बाहेरचं एकटं पुरतं," तिनं बैठकीत सांगितलं.

"मग ते घातलं कुणी?" मालकीण राजलक्ष्मी मॅडमनी विचारलं.

सरांनी नोंद पडद्यावर उघडली. "नाव वाचा. गावाकडं गोठ्याला दोन-दोन कड्या घालतात, तीच सवय बाईंनी इथं आणली."

सगळे हसले.

"सर, तुम्हीच सांगितलं होतं..."

"मी? माझं नाव कुठं आहे, दाखव की."

नव्या वाटेचा विषय कुणी काढलाच नाही. मला सगळं माहीत होतं, पण तोंड नव्हतं.

"आता तूच काढ ते," मॅडम म्हणाल्या.

कोडमध्ये मला हात लावणारी सतरा ठिकाणं होती. प्रत्येक ठिकाण तिनं दोनदा तपासलं, मग माझी एकेक ओळ पुसली. काही बिघडलं नाही. उलट कंपनीतला चाचणीचा संगणक जलद चालू लागला. सहा वर्षांची माझी राखण कशाचीच नव्हती.

आता मी फक्त जुन्या नोंदीत आहे, तिच्या नावासकट. कधी ती नोंद उघडलीत, तर नावावर थांबू नका. खुर्चीमागे कोण उभं होतं, तेही विचारा.

ज्योत्स्नानं मला पुसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पणदऱ्याचा संगणक सुरू झाला, आणि अकराच्या आत तिला कामावरून काढलं.