भिकार ठरवलेलं यंत्र

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलंही नसेल. टेलिफोनच्या तारेतून संगणकाला इंटरनेटशी जोडून देणारी काळी, चपटी पेटी म्हणजे मी. जोडणी होताना मी चिरकायचो, खरखरायचो. आमच्या जातीला वेग फारसा नव्हताच. पण जेवढा होता तेवढाही मला दाखवू दिला नाही, ही माझी तक्रार आहे.

नव्याण्णव साली आमच्या शहरातल्या कॅनडा कॉर्नर भागातल्या एका दुकानातून उत्तराताईंनी मला घरी आणलं. लग्नाआधी त्या डीटीपी शिकल्या होत्या. मुंबईच्या एका प्रकाशकाने त्यांना शालेय पुस्तकांची पानं लावायचं काम दिलं होतं. तयार पानं रोज दुपारी ई-मेलने पोचली पाहिजेत, एवढीच अट. त्यांचे पती देवव्रत अंबडच्या कारखान्यात जात. घरी दिवसभर सासरे असत, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. सुनेने कमावलेलं त्यांना रुचत नव्हतं, पण तसं ते कधी बोलले नाहीत.

सुरुवातीचे महिने माझे सुखाचे गेले. पानं पोचली की ताई माझ्यावरची धूळ पदराने पुसत. प्रकाशकाने काम वाढवलं. जेवताना ताईंनी ती बातमी सांगितली, तेव्हा अण्णा ताटावरून अर्धपोटी उठले.

त्यानंतर माझा वेग पडू लागला. फाइल अर्ध्यावर जायची आणि जोडणी सुटायची. ताई पुन्हा जोडायच्या, पुन्हा तेच. घरात मला डबडं म्हणू लागले. देवव्रतांनी तर मला टेबलावर आपटूनही पाहिलं.

शेवटी ताईंनी संगणक दुरुस्त करणाऱ्या दिनेशला बोलावलं. त्याने माझी तार बदलली, भिंतीवरची फोनची डबी उघडून गंजलेली टोकं खरवडली, मग मला आपल्या दुकानात नेऊन तिथल्या फोनला लावलं. तिथे मी न अडखळता चाललो. मला परत आणून तो म्हणाला, "ताई, मोडेम एकदम ओके आहे. ह्या लाइनवर अजून एखादा फोन आहे का? कोणी रिसीव्हर उचलला की स्पीड मरतो, कनेक्शन कट होतं."

होता. आतल्या खोलीत, अण्णांच्या पलंगाशेजारी. रोज दुपारी मी त्या तारेवर त्यांचा श्वास ऐकत होतो. ते कोणालाही फोन लावत नसत. नुसता रिसीव्हर उचलायचे, माझी खरखर थांबेपर्यंत धरून ठेवायचे, आणि हळूच खाली ठेवायचे. मला हे सांगता येत नव्हतं.

ताईंनी त्यांच्या दारात उभं राहून विचारलं, "अण्णा, दुपारी तुम्ही फोन उचलता का?"

"मी त्याला हातही लावत नाही. तुझं यंत्रच भिकार आहे, त्याला मी काय करू?"

तो फोन काढून टाकू या, असं ताईंनी संध्याकाळी देवव्रतांना सांगून पाहिलं. अण्णांचं वय बघ, ते खोटं कशाला बोलतील, असं म्हणून त्यांनी नवा मोडेम आणला आणि मला माळ्यावर टाकलं. नवाही तसाच रखडायचा. वर पडल्यापडल्या मी त्याचं चिरकणं आणि गप्प होणं ऐकत असे. पानं उशिरा जात राहिली. प्रकाशकाने काम दुसऱ्याला दिलं. ताईंनी संगणकावर जुनी चादर टाकली, ती पुढे कधी काढली नाही.

वर्षं गेली. घरात ब्रॉडबँड आलं. अण्णाही गेले. एका दिवाळीत माळा साफ करताना ताईंच्या हाताला मी लागलो. ते भिकार डबडं भंगारात दे, असं देवव्रत पोत्याचं तोंड धरून म्हणाले.

ताई मला हातात घेऊन म्हणाल्या, "हा चांगला चालत होता. तुम्ही एकदा दुपारी लवकर घरी आला होतात. अण्णांच्या हातात रिसीव्हर पाहिलात आणि त्यांचं दार लोटून घेतलंत. मी स्वयंपाकघरातून बघत होते."

देवव्रत पोत्याचं तोंड धरून तसेच उभे होते. ताईंनीच मला पोत्यात टाकलं.

मित्रांनो, आता मी भंगारवाल्याच्या ढिगात आहे. मला कोणी दुरुस्त करावं अशी माझी अपेक्षा नाही, कारण मी कधी बिघडलोच नव्हतो. तुमच्या घरातलं यंत्र रखडलं तर त्याची तार तपासा, जोड तपासा. आणि त्यावर काम करणारी बाई काही सांगत असेल, तर दार लोटून घेऊ नका.