पाणटिकल्यांचे दिवस

सकाळी सातच्या सुमारास मासेमारी करणाऱ्या इसरू ढिवराचा डोंगा तलावात रिकामा तरंगताना दिसला. १९५६ सालचा चैत्र होता. मूल गावाच्या पूर्वेचा हा तलाव उन्हाळ्यातही आटत नसे. पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, तर बांबूला तळ लागत नसे.

डोंगा आधी दिसला तो इसरूच्या थोरल्या भावाला, लच्छूला. आत वल्हं होतं, चिलीम होती. इसरू नव्हता. लच्छूने हाका मारल्या. त्या पाण्यावरून समोरच्या जंगलापर्यंत गेल्या आणि तिथेच राहिल्या.

मग त्याचं लक्ष पायाशी गेलं. रुपयाएवढ्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या जिवंत चकत्या उघडमीट करीत पाण्यात वर येत होत्या. ढिवर त्यांना पाणटिकल्या म्हणत. त्या माणसाला काही करत नसत. पण त्या वर आल्या की तलाव आईचा, म्हणजे तलावातल्या देवीचा, असा ढिवरांचा नेम होता. ज्याला पहिल्यांदा दिसतील त्याने काठावर येऊन ओरडून सांगायचं. मग त्या खाली बसेपर्यंत कोणी डोंगा पाण्यात घालायचा नाही. नेमका याच दिवसांत मोठा मासा खोलातून वर येई. डोंग्यामागे लांब दोर सोडून गळ ओढत नेला की हमखास लागे. त्यामुळे दरसाल कोणाचं ना कोणाचं मन डगमगे.

घटकाभरात काठ भरला. ढिवरांत सर्वांत वडील सोमाजी. त्याने विचारलं, "काल कोणाले दिसल्या काय?"

इसरूची बायको सोमारी डोईवरचा पदर ओढून उभी होती. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायची रीत नव्हती, म्हणून लच्छूकडे पाठ करून ती सोमाजीला म्हणाली, "काल सांजच्याले यायनं वाटीत आणून दाखवली मले. म्हने, कोणाले सांगू नको. सकाळी एक फेरी मारतो, मंग सांगतो."

"म्हंजे आईले चोरून गेला," मागून कोणीतरी म्हणालं.

"चोरून?" लच्छू गर्रकन वळला. "मागच्या साली याच दिवसात तुया घरी एवढी मोठी बोद मासोळी शिजली, ते कुठून आली होती बे? सासऱ्यानं आंदणात देल्ली काय?"

एकदोघं हसले.

"डोंगे घाला," लच्छू म्हणाला. "पाहू त्याले."

सोमाजीने मान हलवली. "टिकल्या बसू दे, लच्छू. एक गेला. दुसऱ्याले मी नाई धाडत."

"अन् जिता असन तं?"

"जिता असता तं आवाज देल्ला असता."

लच्छूने आपला डोंगा एकट्यानेच ढकलला. तेव्हा सोमारी वळली आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच थेट त्याला म्हणाली, "रिकामे येऊ नोका, जी!"

जाड दोराला त्याने मोठे गळ बांधले, टोकाला धोंडा लावला आणि मासा ओढायच्या रीतीने पाळीच्या कडेकडेने फेऱ्या मारू लागला. शोधायची दुसरी रीत त्याला ठाऊक नव्हती. गळाला शेवाळ आलं, कुजलेली फांदी आली. टिकल्या इतक्या दाटल्या होत्या की वल्हं पेजेत घातल्यासारखं जड जाई. पोलिसांना कळवायला एक माणूस सायकलवर मूलला गेला.

ऊन कलल्यावर पाण्याच्या मोरीजवळ दोर ताणला.

लच्छूने ओढला. दोर हातभर वर आला, थांबला, आणि सावकाश तेवढाच परत गेला. बुडालेलं लाकूड असं मागे सरत नाही. मासा असता तर हिसके बसले असते.

"लागलं काय?" सोमाजी ओरडला.

दोर डोंग्याच्या टोकाला गुंडाळून लच्छूने वल्हं आत घेतलं. वारा पाळीकडे वाहत होता. डोंगा मात्र वाऱ्याच्या उलट, जंगलाच्या बाजूला निघाला.

सोमाजी क्षणभर पाहत राहिला. मग धोतर खोचून त्याने स्वतःचा डोंगा पाण्यात लोटला.

दुपारी चारपर्यंत मूलहून कोणी आलं नव्हतं. सोमाजी अजून बराच मागे होता. लच्छूच्या कमरेला कोयता होता, पण रिकाम्या हाती परतायचं नाही म्हणून दोर त्याने तोडला नव्हता, आणि डोंगा पुढे जातच होता.