तांदळातले नाव

माघातली ती सांज केशरवर्णी होती. हेमकिरणांत न्हालेली, आम्रमोहराच्या गंधाने जडावलेली. कुंकुमजलाची पावले उमटवीत नववधू हेमांगी सासरच्या घरात आली. तिच्या शेल्याला श्रीरंगाच्या उपरण्याची गाठ होती. नवलच म्हणायचे; गणितात गाठींचाच अभ्यास करणारी ही विदुषी!

गाठ ताणावी, पिळावी, फिरवावी. तरीही तिच्यात जे बदलत नाही, ते अविकारी. तेच शोधण्यात हेमांगीची वर्षे गेली होती. म्हणून तर लग्नाआधी श्रीरंगाने नव्या नावाविषयी विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली होती, "तुला आवडेल ते ठेव. क्ष काय नि य काय, उत्तर थोडंच बदलतं!"

आता समोर रुप्याचे तबक होते. तबकात शुभ्र, स्निग्ध, मौनधारी तांदूळ. श्रीरंगाने सोन्याच्या अंगठीने त्यात अक्षरे ओढली आणि नाव उमटले: शर्वरी. पेढे वाटले गेले.

"शर्वरी, इकडे बघ गं!" आत्याबाईंनी हाक मारली. हेमांगी बघेना. पुन्हा हाक आली. शर्वरी नावाची कोणी मुलगी मागे उभी असेल, असे वाटून तिने वळून पाहिले. सारे खळखळून हसले.

घर बदलले, आडनाव बदलले, नाव बदलले. डोळे तेच, हात तेच, भुवईवरचा व्रण तोच. मग आपणही पूर्वीच्याच का? दोन गाठींचे अविकारी अंक जुळले, तरी त्या गाठी एकच असे सिद्ध होत नाही. हे तर तीच शिकवीत असे. ती गोंधळली. तिचे गणित गोंधळले. सांजही गोंधळली, नभात रेंगाळावे की दिव्यांत उतरावे, तिला कळेना. हेमांगीला रडू येत होते, आणि ते नेमके कोणाचे रडू, हेही तिला उमगत नव्हते.

भांबावून तिने शेजारी बसलेल्या सासूबाईंना विचारले, "आई, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

वसुमतीबाई चपापल्या. प्रौढ, गंभीर, अलंकारभारित अशा त्या. नवरीच्या कानाशी वाकून पुटपुटल्या, "इंदू. माझी आई गेली, तेव्हापासून कुणी हाकच मारली नाही गं त्या नावानं."

"इंदू," हेमांगीने नुसतेच उच्चारून पाहिले.

"ओ!"

वसुमतीबाई बोलून गेल्या. निर्मळ, अल्लड, परकरी पोरीचा तो स्वर! त्यांनी पदर तोंडाशी नेला; मग तबक पुढे ओढले आणि तळव्याने ती अक्षरे पुसून टाकली.

"श्रीरंग, पुन्हा लिही. तिला विचारून."

श्रीरंग भांबावून नवरीकडे पाहू लागला. तिने आपले नाव सांगितले, जरा चाचरतच. अंगठी पुन्हा तांदळावरून फिरू लागली. आणि वसुमतीबाई, तळव्याला चिकटलेले दाणे न झटकता, अंगणाकडे कान लावून बसल्या; आणखी कोणी 'इंदू' म्हणून हाक मारील या आशेने.