शेवटची फळी

उस्तादचा फोन आला तेव्हा ती एका जाडजूड शब्दकोशाच्या पाठीला गोंद लावत होती. तिने ब्रश खाली ठेवला नाही. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि हात चालू ठेवला.

"माळ्यावरचं स्पीकरचं किट आणि पलंगाखालच्या अक्रोडाच्या फळ्या मला न्यायच्यात," तो म्हणाला. "बाकी सगळं तुला ठेव."

बाकी सगळं म्हणजे गळका नळ, अर्धं रिकामं कपाट आणि ती स्वतः. दुसऱ्या बाईकडे राहायला गेलेल्या या माणसाच्या शर्टांचा वास अजून घरातून गेला नव्हता, आणि साहेबांना फळ्यांची आठवण झाली होती! काय मोठं मन!

"थोडे दिवस थांब," ती म्हणाली. "माळा आवरला की कळवते."

हे बोलली तेव्हा तिच्या डोक्यात खरोखर काही नव्हतं. फोन ठेवून तिने शब्दकोश दाबायच्या शिकंज्यात घातला, त्याचा पीळ आवळायला घेतला, आणि आवळता आवळता तिला सुचलं.

उस्ताद हे त्याचं टोपणनाव. विमा कंपनीत दावे तपासणारा हा माणूस मित्रांमध्ये प्रसिद्ध होता तो त्याच्या कानांसाठी. कुणाकडे गेला की आधी त्यांच्या स्पीकरसमोर उकिडवा बसणार, डोळे मिटणार, आणि मग यजमानाचं तोंड उतरेल असं काहीतरी बोलणार. स्वतःचे स्पीकर तो घरीच बांधणार होता, छातीइतके उंच, अस्सल अक्रोडाचे. किट आणलं, फळ्या आणल्या, आणि "लाकूड मुरू दे" म्हणत कित्येक वर्षं घालवली. लाकूड मुरलं, खोक्यावर धूळ मुरली, उस्ताद जागचा हलला नाही. उपदेश मात्र रोज चालू. त्यातलं एक वाक्य तिला पाठ झालं होतं. "शेवटची फळी चिकटवण्याआधी पेटी हलवून बघायची. आत एक स्क्रू जरी सुटा राहिला, तरी तो जन्मभर वाजणार. मग एकतर पेटी फोडा, नाहीतर ऐकत बसा."

आता तिचं दुखणं कुठलं, तेही सांगायला हवं. नवरा गेला हे दुःख होतंच, पण ते चारचौघींसारखं होतं. लोक येऊन जवळ बसायचे, त्याला चार शिव्या घालायचे, बरं वाटायचं. खरी आग वेगळीच होती. तो जाण्याआधी बराच काळ तिला घरात एक बारीक आवाज ऐकू यायचा. भांडी घासताना, इस्त्री करताना, त्याच्या लोखंडी टेबलाच्या बाजूने. घुर्र, घुर्र, आणि मग गप्प.

"ऐकू आलं?" ती विचारायची.

"मला ऐकू आलं नाही म्हणजे आवाज नाहीच," उस्ताद म्हणायचा. "तुझे कान वाजतात."

शेवटी तो स्वतः तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. हेडफोन लावून ती काचेच्या खोलीत बसली आणि प्रत्येक बारीक आवाजाला इमानदारीने बटण दाबत राहिली. काचेपलीकडे हा मायाळू चेहरा करून बसला होता. कान उत्तम निघाले. "मग मनाचं असेल," तो म्हणाला, आणि तिने ते मान्य केलं. मान्य केलं, हेच तिला आता जाळत होतं. कामावर कुणी हाक मारली तरी ती ओ द्यायची नाही. आधी आजूबाजूला बघायची, दुसऱ्या कुणी मान वळवली का ते.

मग एके दुपारी त्या टेबलाचा खण उघडा राहिला आणि आतला त्याचा दुसरा फोन लोखंडावर थरथरताना तिने पाहिला. घुर्र, घुर्र. त्याच संध्याकाळी तो गेला. माणसं लावून नेलं ते फक्त ते लोखंडी टेबल. पुढे त्याच्या जुन्या कोटाच्या अस्तरात तिला त्या खणाची जादा किल्ली सापडली. करंगळीच्या पेराएवढी, नाजूक.

तिला एकच गोष्ट हवी होती. उस्तादला घरात एक आवाज ऐकू यावा, त्याचं मूळ त्याला सापडू नये, आणि त्याने स्वतःच्या त्या सोन्याच्या कानांवर शंका घ्यावी. माफी नको, तो परत तर अजिबात नको.

वखारवाल्याने किटमधल्या नकाशाबरहुकूम फळ्या कापून दिल्या. "कपाट करताय का बाई?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली, "आत ठेवायचंय काहीतरी."

सुतारकाम तिला येत नव्हतं, पण गोंद येत होता. वाचनालयाच्या बांधणी विभागात तिचं अर्धं आयुष्य गोंदात गेलं होतं. किती पातळ लावायचा, किती दाबायचा, आणि मुख्य म्हणजे कधी हात लावायचा नाही, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. कागदाला तंतूंचा कल असतो तसा लाकडालाही असतो, हे तिच्या बोटांना लगेच उमगलं. किटमधल्या वायरी डाग देऊन जोडताना अंगठा भाजला. पॉलिशपेपर घासून घासून बैठकीच्या खोलीत भुशाचा थर बसला आणि चहातही भुसा येऊ लागला. शेवटी तेलाचा हात फिरवला तेव्हा अक्रोडाचं अंग असं उजळलं, की ती बोळा हातात धरून बघतच राहिली. सूड घ्यायला बसलेल्या माणसाने इतकं सुबक काम करू नये. जीव जडतो.

पेटी उंच, म्हणून ती डुलू नये यासाठी तळाशी वाळूचा बंद कप्पा होता. उजव्या पेटीत तिने तो काठोकाठ भरला. डाव्या पेटीत कापडी पिशवी शिवून वाळू अर्ध्यावरच ठेवली आणि वरच्या मोकळ्या जागेत, बांधणीच्या मेणलेल्या दोऱ्याला, ती किल्ली लटकवली. कडेच्या फळीला जेमतेम टेकेल इतकी.

उस्तादची लाडकी एक चेलोची रेकॉर्ड होती. तीत मध्येच गज खाली उतरतो आणि एका खोल सुरावर थांबतो. तिथे तो डोळे मिटून एक बोट वर करायचा. साऱ्या घराने श्वास रोखायचा. तिने शेवटची फळी नुसती शिकंज्यात धरून तो सूर वाजवला, फळी काढली, दोरा केसभर सरकवला, पुन्हा वाजवला. बाकी कुठल्याही सुरावर किल्ली गप्प. फक्त त्या एका सुरावर, अगदी बारीक, घुर्र. मग तिने गोंद लावला आणि पीळ आवळला.

तो आला, बरोबर त्याची नवी बाई. नवी एका कपड्यांच्या दुकानात हिशेबाला होती, बोलायला गोड, आणि दाराशी चप्पल काढतानाही अवघडलेली. स्पीकर पाहून उस्ताद त्यांच्यासमोर उकिडवाच बसला.

"तू बांधलेस?"

"तुझ्याकडून झाले नसते," ती म्हणाली. "घेऊन जा. मला काय करायचेत?"

त्याने फळ्यांवर बोटं आपटली, सांधे नखाने तपासले, मग थेट कपाटाकडे गेला, तीच रेकॉर्ड काढली आणि लावलीच. आवाज इथेच फुटला तर त्याने पेट्या नेल्याच नसत्या. ती डाव्या पेटीशेजारी जमिनीवर बसली आणि गुडघा कडेच्या फळीवर, तळाशी, गच्च दाबून धरला.

"तिथून हल," तो म्हणाला. "मधे बसू नये."

"राहू दे. लाकडाची थरथर लागते, छान वाटतं."

गज खाली उतरला. उस्तादने बोट वर केलं. गुडघ्याखाली किल्ली धडपडल्याचं तिला कळलं, पण आवाज फुटला नाही. उस्तादच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "अफलातून," तो म्हणाला, रेकॉर्ड काखेत मारली आणि टेम्पो बोलावला.

पहिला फोन लवकरच आला. डाव्यात काहीतरी वाजतंय. मग त्याने वायरी बदलल्या, अँप्लिफायर बदलला, सगळे स्क्रू आवळले, खिडकीच्या काचांना कागदाच्या घड्या लावल्या, भिंतीवरची चित्रं उतरवली. त्याचा आवाज दर खेपेला थोडा अधिक बसका येत होता.

"हिला ऐकूच येत नाही म्हणते. तू आत काही सोडलं नाहीस ना? हलवून बघितली होतीस?"

"मी हलवूनच बंद केली," ती म्हणाली. मग हे वाक्य तिने जिभेवर किती दिवस घोळवलं होतं ते आठवून, अगदी मायेने म्हणाली, "तुझे कान वाजत असतील रे. एकदा डॉक्टरला दाखव."

त्या दिवशी तिने स्वतःसाठी नवी साबणाची वडी आणि महागडा चहा आणला, आणि घरभर गुणगुणत फिरली. खोटं कशाला बोला, स्वर्ग दोन बोटं उरला होता.

आणि मग एका सकाळी, तो कामावर गेलेला असताना, नवीचा फोन आला.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," नवी म्हणाली. "डावा स्पीकर वाजतो ना?"

"त्याला वाजतो म्हणे."

"मलाही वाजतो. पहिल्या दिवसापासून."

"मग त्याला का नाही सांगत?"

"त्यांच्या टेबलातूनही काहीतरी घुरघुरतं. अलीकडेच सुरू झालंय. मी विचारलं तर म्हणतात, तुझे कान वाजतात. डॉक्टरची वेळ घेतलीय माझ्यासाठी. मग मनातल्या मनात त्यांना म्हटलं, तुम्हीही बसा ऐकत."

खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिलं आलं ते भलं नव्हतं. बस तूही त्या काचेच्या खोलीत, दाब बटण. माझ्या घरात तो फोन थरथरायचा तो तुझ्यामुळेच तर! वाक्य तयार होतं, नुसतं तोंड उघडायचा अवकाश.

"खण उघडून बघ ना," ती म्हणाली.

"कुलूप आहे. स्क्रू ड्रायव्हर वाकला, चावीवाल्याने हात जोडले. मला वेड लागलंय का हो, ताई?"

किल्ली द्यायची म्हणजे ती पेटी फुटणार. तिने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून केलेली सर्वांत देखणी वस्तू. शिवाय उस्तादला कळणार, की त्याचे कान खरेच होते. उद्यापासून तो निवांत झोपणार. ती खिडकीच्या चौकटीत साचलेल्या भुशाकडे बघत राहिली. तो अजून पुरता निघाला नव्हता.

"तुझे कान ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "किल्ली तुझ्याच घरात आहे. डाव्या पेटीच्या तळाशी. हातोडी-छिन्नी आहे का?"

"पण स्पीकरला तर ते कुणाला हातसुद्धा..."

"तू लाव. कडेच्या फळीवर, अगदी खाली. सांध्यावर मारू नकोस, तिथे गोंद माझा आहे, सुटायचा नाही. मधोमध मार."

नवीने फोन जमिनीवर ठेवला. पहिला घाव हलकाच बसला. दुसरा जोरात. तिसऱ्याला अक्रोड फाटलं, आणि इकडे तिचा हात आपोआप छातीशी गेला. मग फाटल्या पिशवीतून सांडलेल्या वाळूवर पावलं वाजली, थोडी शोधाशोध झाली, लोखंडात किल्ली फिरली आणि खण ओढला गेला.

घुर्र, घुर्र.

"ऐकू आलं?" नवीने लांबूनच विचारलं.

"आलं," ती म्हणाली.