तीन बोटांची भाकरी

भागोजी हवालदार पलटणीतून नाते गावी परतले आणि स्वतः खणलेल्या विहिरीचे पाणी प्याले. त्यांचे पुत्र धोंडू सत्तावीस साली चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले. धोंडूंचे पुत्र गंगाराम महाडच्या पोस्टात एकतीस वर्षे टपाल वाटत हिंडले, पण कोणाच्या ओटीवर चहाचा घोट घेतला नाही. कोणाचे मिंधे राहायचे नाही, ही या घराण्याची शिस्त. गंगारामांचे पुत्र नागसेन, निवृत्त मुख्याध्यापक, हे माझे पती. त्या शिस्तीचा अभिमान मी त्यांच्याहून अधिक बाळगला.

म्हणूनच गेल्या डिसेंबरात त्यांनी मला न विचारता मोठ्या जहाजाच्या सहलीची दोन तिकिटे काढली, तेव्हा आनंद होण्याऐवजी मला संशय आला. बेचाळीस वर्षांच्या संसारात या गृहस्थांनी मला न विचारता कोथिंबिरीची जुडीही आणली नव्हती. शिवाय दोन महिने ते दर आठवड्याला पोलादपूरला जात होते. कारण विचारले की पेन्शनरांची बैठक. महाडचे पेन्शनर महाडातच बसतात, हे मला ठाऊक होते. फोन आला की ते परसात जात. एकदा दाराआडून मी ऐकले, "ठकूबाई, काळजी करू नका. तिला यातलं काही माहीत नाही."

ती म्हणजे मी. या वयात आपल्या माणसाच्या आयुष्यात दुसरी कोणी आहे की काय, हा प्रश्न मी उशाशी घेऊन निजू लागले. परंतु विचारले नाही. छत्तीस वर्षे मी वर्ग सांभाळले आहेत. पुरावा हाती नसताना हटकले, तर अपराधी केवळ नाकारतो.

मुंबई ते गोवा आणि परत, तीन रात्रींची सहल होती. जहाजात महाडची अर्धी बाजारपेठ सहज मावली असती. दारात एका मुलीने हाती कार्ड दिले आणि जेवणखाण सारे त्यातच आले, असे हसून सांगितले. मी त्या हसण्यावर विसंबले नाही. दुपारी आमटीभात घेतला, तोही तीन माणसांना विचारून. परतलो, तर खोलीत पलंगावर टॉवेलचा हत्ती सोंड वर करून बसलेला.

"अहो, आपल्या माघारी इथे कोण शिरलं होतं?"

"सफाईवाला असेल. शोभेसाठी करतात तसं."

"शोभेसाठी दुसऱ्याचं कुलूप उघडतात?"

ते हसले आणि वारा खाऊन येतो म्हणून बाहेर गेले. सकाळपासून ही तिसरी वेळ. मी दोन्ही बॅगा उघडून सामान तपासू लागले. यांच्या बॅगेत, मफलरच्या घडीत, फडक्यात बांधलेल्या तीन नाचणीच्या भाकऱ्या निघाल्या.

त्या माझ्या नव्हत्या. प्रत्येक बाईचा हात तिच्या भाकरीवर उमटतो. माझी भाकरी पातळ, काठ गोल. या जाड होत्या, काठाला चिरलेल्या. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवताना बोटांच्या चार रेघा उठतात. इथे तीनच होत्या.

ते परत आले तेव्हा भाकऱ्या टेबलावर होत्या.

"ठकूबाई कोण?"

ते पलंगावर बसले. हत्ती कलंडला.

"पोलादपूरच्या वर, कुडपणला माझी पहिली नेमणूक होती, ते तुला माहीत आहे."

"शाळेत राहत होतात, हाताने रांधत होतात. बेचाळीस वर्षं हेच ऐकते आहे."

"रांधत नव्हतो. आडनाव कळल्यावर गावात कोणी खोली दिली नाही, तेवढं खरं. ठकूबाईनं पडवी दिली. तिच्या कडेला तान्हं पोर होतं. दोन वर्षं रोज चुलीपुढं बसवून जेवू घातलं. त्यापायी तिला आणि महिपतला, तिच्या नवऱ्याला, गावाचं बोलणं खावं लागलं. पैसे देऊ केले, तर घेतले नाहीत."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"आमच्या घरात कोणी कोणाचं मिंधं नाही, असं तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेस. मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मी भाकऱ्या पुन्हा फडक्यात बांधल्या आणि पुढचे ऐकून घेतले.

ते तान्हे पोर, सुनील, याच जहाजाच्या बेकरीत पाव भाजत होता. सहा वर्षांपूर्वी महिपत वारला तेव्हा त्याचे तेव्हाचे जहाज दूर समुद्रात होते. मुलगा मातीला पोहोचला नाही. त्या शरमेने तो पुढे गावीच गेला नाही. आईला पैसे पाठवी, फोन मात्र घेत नसे. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ठकूबाईने यांच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काही मागितले होते, "गुरुजी, पोर तेवढं घरी आणा."

"मग भेटला का?"

"दोनदा निरोप दिला. अशा कोणाला ओळखत नाही म्हणतो."

"मला न सांगता निघालात, म्हणून ही वेळ आली. चपला घाला."

भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला मी सांगितले, की बेकरीतल्या सुनीलला बोलवावे, महाडच्या बाई आल्या आहेत. तो बिचारा मला कोणी अधिकारी समजला असावा. दहा मिनिटांत पांढऱ्या टोपीतला, कानशिलाशी पिकलेला एक माणूस समोर उभा राहिला.

"मॅडम, ड्यूटी चालू हाय."

"बसा."

तो बसला. मी फडके सोडले. त्याने भाकरीकडे पाहिले आणि त्या तीन रेघांवरून बोट फिरवले.

"आयेची करंगळी कोयत्यानं गेली, तवा मी पाचवीत होतो." टोपी काढून त्याने विचारले, "कशी हाय ती?"

"ते मी सांगणार नाही. जाऊन पाहा. रजा कधी?"

"मेच्या शेवटी उतरतो. पन आता कुठल्या तोंडानं..."

"तेच तोंड न्या. दुसरं कुठून आणणार? तारीख सांगा."

मी ती वहीत लिहून घेतली, खाली फोन नंबरही. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घालून चावत राहिला.

तो येईल, यावर माझा विश्वास नव्हता. दर रविवारी मी त्याला फोन करी. पहिले दोन त्याने उचलले नाहीत, तिसरा उचलला. ठरल्या दिवशी आम्ही पोलादपूरच्या एसटी स्थानकात जाऊन बसलो. मुंबईच्या तीन गाड्या आल्या, गेल्या.

"फसवलं त्यानं," मी म्हणाले. चौथ्या गाडीतून सुनील उतरला.

जीप कुडपणला पोहोचली तेव्हा ठकूबाई दारात उभी होती, लहानखुरी, ताठ. तिने मुलाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले.

"हात धू रे. पान वाढलंय."

आत चुलीपुढे तिने चौघांची पाने मांडली होती. मी तिच्या हाताकडे पाहत आहे, हे तिच्या ध्यानात आले.

"बाई, तुमी माझ्यावर संशय घेतलात म्हनं. गुरुजी सांगत व्हते फोनवर."

"घेतला."

"या वयात कोन घेतंय गो. बरं वाटलं."

मी भाकरी मोडली. या घराण्यात उघडपणे दुसऱ्याच्या चुलीचे खाणारी मी पहिली. हे मात्र पानाला हात न लावता, पूर्वी बसत असतील तसे, भिंतीला टेकून बसले होते. ठकूबाईने तव्यावरच्या भाकरीवर तीन बोटांनी पाणी फिरवले आणि जेवणाऱ्या सुनीलकडे एकदा पाहून ती यांच्याकडे वळली.

"जेवा गुरुजी. दोन वर्सांचं सगळं फिटलं. आता तुमच्याकडं माझं काय बी बाकी नाय."

यांनी पान पुढे ओढले.