नाव बदललेलं उदाहरण

२००८ साली मी अमेरिकेतल्या ट्रॉय शहरामधल्या एका इमिग्रेशन वकिलाच्या फर्मसाठी फेसबुकवर लोक शेअर करतील असा मजकूर लिहायचे. व्हिसा संपूनही राहिलेल्यांसाठी एक उदाहरण हवं होतं. मुलीकडे आलेले आईवडील, इथेच वारलेले वडील, आईचं पुढे ढकललेलं परतीचं तिकीट. मी नाव तेवढं बदललं.

दुपारी इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या नीलाकाकूंचा फोन आला. "अगं, ही तर तुझी आई, आपली रत्नाच! छान लिहिलंयस. सगळ्यांना ईमेलने फॉरवर्ड केलं बघ."

मी लगेच पोस्ट डिलीट केली. पण काकूंनी पाठवलेलं परत कसं आणणार?

घरी येऊन आईला सांगितलं. ती बाबांच्या स्वेटरची घडी घालत होती.

"कुणी इमिग्रेशनकडे तक्रार करेल का गं?"

"माहीत नाही."

"मग उद्याचंच तिकीट काढ," म्हणत तिने खिडकीचा पडदा ओढला.