गुलाबी मलिक अंबर

हमरापूरच्या कमळाकरने चाळीस वर्षं गणपती रंगवले होते. त्यामुळे कुणाचाही पुतळा असो, त्याचा हात आपोआप गुलाबी डब्याकडे जाई. एका दिवंगत सरपंचांना तर त्याने इतकं गुलाबी केलं होतं, की हार घालण्याआधी त्यांच्या बायकोने खालचं नाव वाचून घेतलं.

रोह्याच्या शाळेसाठी केलेला मलिक अंबरही तसाच झाला. आफ्रिकेतून इकडे आलेल्या लोकांच्या इतिहासावर शाळेत दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. पुतळा न्यायला इतिहासाच्या बाई आल्या. रुखसाना सिद्दी, मूळच्या मुरूडकडच्या.

"काका, हा कोण?"

"तुमचा मलिक अंबर! उजळ दिसावा म्हणून रंगाचे तीन हात दिलेत."

"हबशी होता तो. माझ्या रंगाचा."

"असंल. पन आपन जरा मान दिला."

बाई हसल्या नाहीत. "पोरं मला मागून डांबरबाई म्हणतात. उद्या त्यांना माझ्या रंगाचा माणूस चौथऱ्यावर दिसायला हवा. हा असाच जाणार असेल, तर कार्यक्रमच नको."

डोळ्यांची आखणी झाली की मूर्तीला पुन्हा रंग लावायचा नाही, हा कारखान्याचा कायदा. शिवाय काळा रंग होता तो फक्त केसांसाठी आणि राक्षसांसाठी.

"कायदा तुमीच केलाव ना? मग मोडा तुमीच," आतून त्याची बायको इंदुबाई म्हणाली. "बस गो पोरी, चाय टाकते."

चूक कबूल करण्यापेक्षा रंग कालवणं सोपं. कमळाकरने काळ्यात गेरू घातला, थोडा पिवळा घातला, बाईंच्या हाताशेजारी धरून पाहिला आणि कुंचला उचलला.

"यानं केलं काय पन?"

बाई सांगू लागल्या. लहानपणी गुलाम म्हणून बाजारात विकला गेला, पुन्हा पुन्हा विकला गेला. दख्खनेत येऊन निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांची झोप उडवली, स्वतः वसवलेल्या खडकी शहराला जमिनीखालून पाणी आणलं.

कुंचला थांबला. "जमिनीखालून? त्या काळात? आमच्या आळीत नळ येऊन तीन वर्षं झाली, पानी यायचंय अजून."

नव्या रंगावर गालाचा उजेड आपोआप उमटला. गुलाबीवर तो फवाऱ्याने आणावा लागे. शेवटी डोळे आखले आणि कमळाकर दोन पावलं मागे सरला. आपल्याच कामापुढे असा तो कधी मागे सरला नव्हता.

तेवढ्यात टेम्पोवाला प्रवीण आला. "काका, हा राक्षस कुठं चढवू?"

"राक्षस तुझा बाप! याला इकत घेनारे कोन होते, सांग बघू. नाय ना ठाव? याचं नाव शालेत शिकवतात. नीट धर."

इंदुबाई रिवाजाप्रमाणे पुतळ्याच्या तोंडावर टाकायला रुमाल घेऊन आली.

"नको गो," कमळाकर म्हणाला. "याचं तोंड लई वर्षं झाकलेलंच व्हतं."

बाईंनी रुमाल घेतला, पण डोळे पुसायला.

मलिक अंबर उघड्या तोंडाने रोह्याला निघाला. वडखळ नाक्यावर एका हवालदाराने ओळखदेख नसताना त्याला कडक सलाम ठोकला, असं प्रवीण सांगतो. प्रवीणचं सगळंच खरं धरू नये; एवढं धरावं.